डिस्क भरली खरी, पण कशाने?

या महिन्याच्या टपालात चार पत्रं एकाच दुखण्याची आली: संगणकावरची जागा संपली, काय काढू? म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. एक सूचना आधीच करते. आपल्या मासिकात आज्ञा देवनागरीत छापल्या जातात, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या काळ्या पडद्यावर, टाइप करताना मात्र त्या इंग्रजी अक्षरांत करायच्या. मी ‘मोठा’ असं म्हटलेलं नसेल तिथे अक्षर लहान लिपीतलं घ्या. ‘एनसीडीयू’ (डिस्क कशाने भरली ते दाखवणारा कार्यक्रम, आज त्याचंच नाव वारंवार येईल) म्हणजे ती चार अक्षरं सलग, मध्ये जागा न सोडता.

ताई, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, मुक्काम सदाशिव पेठ. घरात आजोबांपासूनची मोडी कागदपत्रं आहेत, ती वर्षभर स्कॅन करतो आहे. लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही प्रणाली आहे, २५६ जीबीची एसएसडी. आता रोज ‘डिस्कवर जागा नाही’ अशी सूचना येते. वाकडे आलेले स्कॅन मी लगेच डिलीट करतो, तरी जागा वाढत नाही. पुतण्या म्हणतो, सगळं फॉरमॅट करून नव्याने टाकू. टाइमशिफ्ट चालू असल्यामुळे कागदांचा बॅकअप आहेच. फॉरमॅट करू का?

सर, करू नका. तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला, कारण त्यातलं शेवटून दुसरं वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला. टाइमशिफ्ट तुमच्या स्कॅनचा बॅकअप घेत नाही. ते प्रणालीच्या फायली जपतं. तुमचं होम फोल्डर, जिथे तुमच्या स्वतःच्या फायली असतात, ते मुळातच वगळतं, तुम्ही मुद्दाम सांगितलं तरच घेतं. तुम्ही सांगितलेलं नव्हतं. म्हणजे साडेआठशे पानांची एकुलती एक प्रत त्या लॅपटॉपवर होती, आणि पुतण्या येत्या रविवारी यायचा होता.

शनिवारी संध्याकाळी सरांकडे जाऊन मी काय काय केलं, ते इतर वाचकांसाठी सविस्तर लिहिते. सरांची परवानगी घेतली आहे.

वाड्याचा दुसरा मजला. खिडकीशी टेबल, त्यावर स्कॅनर आणि लॅपटॉप, शेजारच्या फडताळात लाल कापडात बांधलेले कागद. सर त्यांना ‘रुमाल’च म्हणतात, पेशवे दफ्तरात म्हणतात तसं. प्रत्येक रुमालाला चिठ्ठी, त्यावर निळ्या शाईत क्रमांक. इतकं नीटनेटकं काम करणाऱ्या माणसाला आपल्या डिस्कवर काय कुठे आहे हे दिसत नव्हतं, कारण ते दाखवणारी खिडकी त्यांना कुणी उघडून दिली नव्हती.

पहिली आज्ञा ‘डीएफ’, जागा (म्हणजे स्पेसबार), हायफन, ‘एच’. डिस्कमध्ये एकूण किती, वापरलेली किती, उरलेली किती, एवढंच ती सांगते. सरांच्या मशीनवर जीबीत आकडे आले: एकूण २३४, वापरलेले २२०, शिल्लक २.३. सरांनी लगेच बोट ठेवलं. “२३४ वजा २२० म्हणजे १४. हे २.३ कुठून आलं? आणि खोक्यावर तर २५६ लिहिलंय.”

दोन्ही शंका रास्त आहेत. कंपनी दशमान पद्धतीने मोजते, १ जीबी म्हणजे १,००,००,००,००० बाइट. ही आज्ञा १०२४ च्या पटीत मोजते. त्या हिशेबाने २५६ चे २३८ होतात. त्यातला थोडा भाग मशीन सुरू करण्याच्या विभागाला आणि फाइल प्रणालीच्या स्वतःच्या नोंदींना जातो. आणि १४ चे २.३ का? कारण ईएक्सटी४ ही फाइल प्रणाली ५ टक्के जागा मुख्य प्रशासक खात्यासाठी राखून ठेवते. २३४ चे ५ टक्के म्हणजे ११.७. सामान्य वापरकर्त्याने डिस्क काठोकाठ भरली तरी प्रणालीला आपल्या नोंदी लिहायला आणि तुम्हाला दुरुस्ती करायला जागा उरावी, यासाठी ती तरतूद आहे. प्रणाली ज्या डिस्कवर आहे तिथली ही राखीव जागा कमी करू नका.

आता कळलं की भरली आहे. कशाने, हे ‘डीएफ’ सांगत नाही. ते सांगायला ‘डीयू’ नावाची आज्ञा आहे. लिनक्स जिच्या धर्तीवर आहे त्या युनिक्स प्रणालीच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासून या दोघी आहेत. पण नुसती ‘डीयू’ चालवली तर हजारो ओळी पडद्यावरून धावत जातात आणि हाती काही लागत नाही. म्हणून एनसीडीयू. तेच मोजमाप, पण थांबून, आत-बाहेर करत बघता येतं. योरान हेलिंग या प्रोग्रॅमरने ते लिहिलं, २००७ पासून ते आहे. आकाराने अगदी लहान आहे. मिंट किंवा उबुंटूवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल एनसीडीयू’ एवढं केलं की झालं.

मग लिहिलं: सुडो, एनसीडीयू, हायफन एक्स, आणि शेवटी तिरकी रेघ. सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालव. तिरकी रेघ म्हणजे अगदी मुळापासून बघ. हायफन एक्स म्हणजे याच डिस्कवर राहा, लावलेल्या पेनड्राइव्हमध्ये किंवा दुसऱ्या डिस्कमध्ये शिरू नकोस. हे एक्स विसरलं तर बेरीज भलतीच येते. आणि सुडो नसेल तर जी फोल्डर उघडायची तुम्हाला मुभा नाही ती मोजलीच जात नाहीत, त्यांच्यापुढे उद्गारचिन्ह दिसतं.

मिनिटभर मोजणी चालली, मग पडदा स्थिर झाला. डावीकडे आकडा, मध्ये हॅशच्या खुणांची लहान-मोठी पट्टी, उजवीकडे फोल्डरचं नाव. सगळ्यात मोठं सगळ्यात वर. होम १५८. टाइमशिफ्ट ३७. व्हार १२. यूएसआर ११. बाकी किरकोळ. सर चष्मा वर करून पुढे वाकले आणि म्हणाले, “हे तर जमाखर्चाचं पान झालं.” अगदी तसंच.

बाणाने होमवर जाऊन एंटर दाबलं. मग सरांच्या नावाच्या फोल्डरवर एंटर. चित्रांच्या फोल्डरमध्ये ८४. हे स्कॅन. ते असणारच. ए४ पान ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) रंगीत स्कॅन केलं आणि न दाबता (कॉम्प्रेस न करता) टिफ या प्रकारात ठेवलं, तर एका पानाला जवळपास १०४ एमबी लागतात: ४९६० गुणिले ७०१६ ठिपके, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. दहा पानांत १ जीबी गेला. मोडीची बारीक, जोडून लिहिलेली अक्षरं आणि फिकट झालेली शाई वाचायची तर ६०० डीपीआय योग्यच आहे. या फायली जेपेग करून मूळ फेकू नका. जेपेग करताना बारकावे कायमचे जातात. टिफमध्येच एलझेडडब्ल्यू नावाची दाबण्याची पद्धत निवडता येते, तिच्यात एकही ठिपका हरवत नाही.

दुसऱ्या ओळीवर नाव होतं, टिंबाने सुरू होणारं: ‘.लोकल’. टिंबाने सुरू होणारी फोल्डरं फाइल मॅनेजरमध्ये एरवी दिसत नाहीत. आत शिरलो, ‘शेअर’, त्यात ‘ट्रॅश’. आकडा ४७.

सर गप्प झाले. मग म्हणाले, “पण मी तर डिलीट केले होते.”

डिलीट केलेलं आधी ट्रॅशमध्ये जातं, म्हणजे त्याच डिस्कवर, फक्त दुसऱ्या कपाटात. वर्षभरातले पावणेपाचशेच्या वर वाकडे स्कॅन तिथे नांदत होते. तिथल्या तिथे ट्रॅश रिकामा करता आला असता. मी सरांना थांबवलं, आणि आम्ही तो उघडून पान-पान बघायला बसलो. दीड तास गेला, काकूंनी दोनदा चहा दिला. अकरा पानं अशी निघाली की वाकडी म्हणून टाकली, पण पुन्हा स्कॅन करायची राहूनच गेली. त्यातली तीन ज्या रुमालातली होती, त्याला मध्यंतरी वाळवी लागली आणि ते कागद आता नाहीत. ती तीन पानं वाकडी असतील, पण वाचता येतात. अकराही परत जागेवर ठेवली आणि मग ट्रॅश रिकामा केला.

टाइमशिफ्टच्या ३७ बद्दल एक महत्त्वाची गोष्ट. एनसीडीयूमधून ते फोल्डर उडवू नका. टाइमशिफ्ट रोज नवी प्रत घेतं, पण जी फाइल बदललेली नाही तिची नवी नक्कल करत नाही, जुन्याच फाइलला आणखी एक नाव देतं. याला हार्ड लिंक म्हणतात. एकाच बाईचं माहेरी एक नाव, सासरी दुसरं, तसं. घरात माणूस एकच. एनसीडीयूला हे कळतं. बेरजेत ते अशी फाइल एकदाच धरतं आणि पुन्हा दिसली की ओळीच्या सुरुवातीला मोठा ‘एच’ लावतं. म्हणूनच एक जुनी प्रत काढली तर तिच्या एकूण आकड्याएवढी जागा सुटत नाही, फक्त तिच्याच एकटीच्या फायलींपुरती सुटते. आम्ही टाइमशिफ्टचा स्वतःचा कार्यक्रम उघडून शेवटच्या दोन ठेवल्या, बाकीच्या तिथून काढल्या. १७ जीबी मोकळी झाली.

पुन्हा ‘डीएफ’ केलं तेव्हा शिल्लक ६५ दाखवत होतं. एवढ्यात सरांची आणखी साडेसहाशेच्या वर पानं बसतील. आणि आता विनंती, सर: तपकीर गल्लीत जा, १ टीबीची बाहेरची डिस्क आणा, रोजचं काम झालं की स्कॅनचं फोल्डर तिच्यावर उतरवा, आणि ती डिस्क लॅपटॉपशेजारी ठेवू नका. मुलीच्या घरी ठेवा. (तिच्यावर ९३१ दिसेल, घाबरू नका, वरचंच गणित आहे.)

ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कर्वेनगर. आमच्या ग्रुपचा एक लहान सर्व्हर मी सांभाळतो. ‘डीएफ’ १०० टक्के भरलं सांगतं. एनसीडीयू सुडोने, एक्स लावून चालवलं तर निम्मीच डिस्क भरलेली दिसते. खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. दोघं वेगळ्या गोष्टी मोजतात. एनसीडीयू फोल्डरांतून फिरून ज्या फायलींना नाव आहे त्यांची बेरीज करतं. डीएफ थेट फाइल प्रणालीला विचारतं, किती ठोकळे भरलेत? ज्या फाइलचं नाव पुसलं पण कुठला तरी कार्यक्रम ती अजून उघडी धरून बसला आहे, ती पहिल्याला दिसत नाही, दुसऱ्याला दिसते. सोसायटीच्या फलकावरचं नाव खोडलं म्हणून भाडेकरूने खोली सोडली असं होत नाही.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. २००९ साली एका कचेरीचे सर्व्हर मी बघायचे. गणपतीच्या आदल्या रात्री साडेदहाला फोन आला की सगळं ठप्प आहे. जाऊन बघते तर एका लॉग फाइलने, म्हणजे कार्यक्रम आपल्या नोंदी लिहीत जातो त्या फाइलने, १८ जीबी खाल्ले होते. मी ती उडवली. डीएफ केलं, आकडा तसूभर हलला नाही. आणखी दोन जुने लॉग उडवले. तसाच. बाहेर मंडपात झांजांची चाचणी चालली होती आणि मी पडद्याकडे बघत बसले होते. बाराच्या पुढे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना उठवलं, त्यांनी फोनवर एकच आज्ञा सांगितली. ती तुला सांगते: सुडो, ‘एलएसओएफ’, जागा, अधिकचिन्ह, मोठा ‘एल’ आणि १ चा आकडा. ज्यांचं नाव उरलेलं नाही पण ज्या अजून उघड्या आहेत अशा फायलींची यादी येते, आणि प्रत्येकीसमोर ती कोणत्या कार्यक्रमाने धरली आहे त्याचं नाव. तो कार्यक्रम नीट बंद करून पुन्हा सुरू कर. त्या रात्री मी तो सुरू केला आणि १८ जीबी क्षणात परत आले.

यापुढे चालू लॉग कधी डिलीट करू नकोस. फाइल तशीच ठेवून आतून रिकामी करायची: सुडो, ‘ट्रंकेट’, हायफन एस, शून्य, मग फाइलचं नाव. प्रणालीच्या जर्नलला, म्हणजे तिच्या स्वतःच्या नोंदवहीला, तर हातच लावू नकोस, त्याला स्वतःची आज्ञा आहे, ‘जर्नलसीटीएल’, तिला व्हॅक्यूम-साइझ सांगितलं की ती जुनं आपणच काढते.

यादी रिकामी आली तर आणखी एक जागा बघ. एखादी डिस्क ज्या फोल्डरवर जोडली आहे त्या फोल्डरात जोडणीच्या आधीच फायली असतील तर त्या खाली झाकल्या जातात, आणि एनसीडीयूला दिसत नाहीत. रात्रीचा बॅकअप डिस्क न जोडताच चालला की नेमकं हेच होतं. क्षणभर ती डिस्क उतरवून खाली काय आहे ते बघ.

आणि डीएफ ‘शिल्लक आहे’ म्हणतंय पण फाइल तयार होत नाही, अशी उलट वेळ आली तर डीएफला हायफन आय लाव. लाखो बारक्या फायलींनी आयनोड, म्हणजे फायलींच्या नोंदीसाठीचे रकाने, संपलेले असतात. तेव्हा एनसीडीयूत लहान ‘सी’ दाबलास तर प्रत्येक फोल्डरात किती नग आहेत ते दिसेल, मोठा ‘सी’ दाबलास तर त्याच क्रमाने लागतील.

ताई, मला टर्मिनलची भीती वाटते. काळ्या पडद्यावर काही चुकलं तर? माउसने बघता येत नाही का? – एक वाचक, सहकारनगर

येतं की. मिंटमध्ये ‘डिस्क यूसेज ॲनलायझर’ असतंच, त्याचं मूळ नाव बाओबाब. रंगीत वर्तुळं दिसतात, ती बघा आणि खुशाल वापरा. तरी एनसीडीयूशी ओळख करून ठेवा असं मी का म्हणते? डिस्क पूर्ण भरली की कधीकधी लॉगिनचा पडदाच अडकतो: पासवर्ड दिला की पुन्हा पासवर्डच विचारतो. तेव्हा माउसचा कार्यक्रम उघडणार कशात? कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबलं की तोच काळा पडदा येतो, तिथे नाव-पासवर्ड देऊन एनसीडीयू चालतं. अर्थात तेव्हा ते आधीपासून घातलेलं हवं, म्हणून आजच घालून ठेवा. बाण, एंटर आणि बाहेर पडायला ‘क्यू’, एवढ्या कळा पुरतात. नुसतं बघण्याने काही बिघडत नाही.

जीडीयू किंवा डस्ट अशी नवी साधनंही कुणी सुचवतील. पहिलं गो या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं आहे, दुसरं रस्टमध्ये. एसएसडीवर जीडीयू मोजणी फार लवकर संपवतं. एनसीडीयूही २०२२ मध्ये झिग या भाषेत नव्याने लिहून दुसऱ्या आवृत्तीत आलं आणि त्याची स्मृतीची भूक बरीच कमी झाली. घरच्या मशीनवर हा फरक शोधत बसू नका.

एनसीडीयूत चुकून ‘डी’ दाबलं, विचारलं त्याला हो म्हटलं, आणि सहलीच्या फोटोंचं फोल्डर गेलं. ट्रॅशमध्येही नाही. परत आणता येईल का? – गृहिणी, सिंहगड रस्ता

वाईट वाटलं हो. तुमच्या पत्रावरची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची आहे आणि मशीन रोज चालू आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून स्पष्ट सांगते: त्या डिस्कवरून मिळण्याची आशा जवळपास नाही. एनसीडीयूचं डी फाइल ट्रॅशमध्ये टाकत नाही, सरळ काढतं. आणि एसएसडीवर प्रणाली आठवड्यातून एकदा ट्रिम चालवते, म्हणजे रिकाम्या झालेल्या जागा डिस्कला कळवते आणि डिस्क त्या खरोखर पुसते. पैसे घेऊन ‘सगळं परत आणून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाण्याआधी त्याला ट्रिमबद्दल विचारा.

पण फोटो फोनवरून आले होते ना? फोन बघा, त्याच्या गॅलरीची कचरापेटी बघा, मेमरी कार्ड बघा, सहलीच्या ग्रुपवर ज्यांना ज्यांना पाठवले त्यांना आजच फोन करा. बहुतेक फोटो लोकांकडे असतात, फक्त मागायचे राहतात. कार्डावरून पुसले असतील तर ते कार्ड वापरणं थांबवा आणि ‘फोटोरेक’ हा पुसलेले फोटो शोधणारा कार्यक्रम चालवा. जुन्या कार्डावर ते पुष्कळदा यश देतं.

आणि यापुढे उघडताना हायफन आर लावा: एनसीडीयू, जागा, हायफन आर. मग डी दाबलं तरी काही जात नाही. मी माझ्या मशीनवर तेच टोपणनाव (अलायस) करून ठेवलं आहे, आर शिवाय ते उघडतच नाही. काढायचं असेल ते फाइल मॅनेजरमध्ये जाऊन, उघडून, बघून काढते.